टाफ्ट कमकुवत होते म्हणून रिपब्लिकन पक्ष फुटला का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. अध्यक्ष विल्यम हॉवर्ड टाफ्ट यांच्या कमकुवत नेतृत्वामुळेच 1912 मध्ये अमेरिकेचा रिपब्लिकन पक्ष फुटला का, आणि त्यांनी माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यासाठी माघार घेतली असती तर पक्ष सत्तेत राहिला असता का. या काळाबद्दल मी बरीच वर्षं वाचत आलो आहे आणि पहिल्या प्रश्नाला सर्रास मिळणारं 'हो' हे उत्तर मला पटत नाही. माझ्या मते टाफ्ट अध्यक्षपदावर बसूनही शेवटपर्यंत न्यायाधीशासारखे वागले. समोर आलेलं प्रकरण ऐकायचं, कागद वाचायचे, निकाल द्यायचा आणि पुढच्या प्रकरणाकडे वळायचं. एकजीव पक्षात हे खपून गेलं असतं. त्यांच्या वाट्याला आलेला पक्ष आतून दुभंगलेला होता.

ही दुफळी त्यांनी निर्माण केलेली नाही, हे आधी सांगायला हवं. आयोवा, विस्कॉन्सिन, कॅन्सस, मिनेसोटा ही शेतीची राज्यं एका बाजूला आणि न्यू इंग्लंड, पेनसिल्व्हेनियाचे कारखानदार दुसऱ्या बाजूला. कारखानदारांना परदेशी मालावर चढी जकात हवी होती. शेतकऱ्याला मात्र आपला गहू जगाच्या बाजारभावाने विकून कापड, जोडे, लोखंडी सामान जकातीने फुगलेल्या दराने घ्यावं लागत होतं. रूझवेल्ट साडेसात वर्षं अध्यक्ष होते आणि त्या सगळ्या काळात त्यांनी जकातीच्या प्रश्नाला हात लावला नाही. लावला तर पक्षात भडका उडेल, हे ते पुरतं ओळखून होते. मार्च 1909 मध्ये टाफ्ट यांना गादीवर बसवून ते शिकारीसाठी आफ्रिकेला निघून गेले आणि तो निखारा वारसाच्या पदरात पडला.

वारस कसा होता? सिनसिनाटीच्या वकिलांच्या घराण्यातला, आठ वर्षं संघराज्याच्या अपील न्यायालयात न्यायाधीश राहिलेला, नंतर फिलिपिन्सचा गव्हर्नर आणि युद्धमंत्री. 1908 मध्ये त्यांनी डेमोक्रॅट उमेदवार ब्रायन यांचा 321 विरुद्ध 162 निर्वाचक मतांनी (म्हणजे राज्यांच्या वाट्याच्या, अध्यक्ष ठरवणाऱ्या मतांनी) दणदणीत पराभव केला खरा, पण त्याआधी लोकांची मतं मागून मिळवलेलं त्यांचं एकच पद होतं, आणि तेही ओहायोतल्या एका न्यायालयातलं न्यायाधीशपद. पत्नी हेलन यांना राजकारणाची जाण त्यांच्याहून जास्त होती. मे 1909 मध्ये, म्हणजे शपथविधीनंतर अडीच महिन्यांतच, हेलन यांना पक्षाघात झाला आणि टाफ्ट यांचा सर्वात जवळचा सल्लागार गेल्यासारखा झाला. हे अनेक जण एका ओळीत उरकतात. मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

आता जकातीकडे येतो, कारण खरी ठिणगी तिथेच पडली. 1908 च्या जाहीरनाम्यात पक्षाने जकात कायद्याच्या फेरविचाराचं वचन दिलं होतं आणि दर खाली येतील असं टाफ्ट प्रचारात सांगत होते. त्यांनी वचन पाळून लगेच विशेष अधिवेशन बोलावलं. रूझवेल्ट यांनी कधीच न दाखवलेलं हे धाडस होतं. पण अधिवेशनाला पाठवलेला त्यांचा संदेश इतका त्रोटक होता की खणखणीत भाषणाची वाट पाहणारे सुधारणावादी सदस्य एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिले. प्रतिनिधीगृहाने दर काही प्रमाणात उतरवले. सिनेटमध्ये चढ्या जकातीच्या बाजूचे रिपब्लिकन नेते नेल्सन ऑल्ड्रिच यांनी विधेयकात 847 दुरुस्त्या घुसवल्या आणि त्यातल्या बहुतेक दर पुन्हा चढवणाऱ्या होत्या. ला फॉलेट, डॉलिव्हर, कमिन्स, बेव्हरिज हे आपल्याच पक्षाचे सिनेटर एकेक कलम हातात घेऊन उन्हाळाभर सभागृहात झुंजले. अध्यक्ष आपल्या पाठीशी आहेत असं त्यांना वाटत होतं. टाफ्ट मात्र कायदेमंडळाच्या कामात ढवळाढवळ नको म्हणून थांबून राहिले. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीपर्यंत प्रकरण आल्यावर ते पुढे सरसावले, नकाराधिकाराची धमकी दिली, कच्चं कातडं जकातमुक्त करून घेतलं, लाकूड, कोळसा, लोहखनिज यांवरचे दर खाली आणले. 5 ऑगस्ट 1909 ला त्यांनी सही केली.

इथपर्यंतही सावरता आलं असतं. 'हवं तेवढं मिळालं नाही, पुढच्या वेळी पाहू' एवढं म्हणून ते मोकळे झाले असते तर पश्चिमेकडच्या लोकांनी कुरकुरत का होईना ऐकलं असतं. त्याऐवजी 17 सप्टेंबरला ते मिनेसोटातल्या विनोना या गावी बोलायला उभे राहिले. गावाची निवडही पाहा. तिथले खासदार जेम्स टॉनी हे त्या कायद्याच्या बाजूने मत दिल्यामुळे आपल्याच राज्यात एकाकी पडले होते आणि त्यांना हात द्यायला अध्यक्ष तिथे गेले होते. भाषण रेल्वेच्या प्रवासात घाईघाईने लिहिलेलं. आणि त्यात त्यांनी सांगून टाकलं की रिपब्लिकन पक्षाने आजवर मंजूर केलेला हा सर्वात चांगला जकात कायदा आहे.

ते संपूर्ण भाषण वाचलं तर वेगळंच चित्र दिसतं. ते प्रामाणिक आहे, आकडेवारीने भरलेलं आहे आणि लोकरीवरचे दर फार चढे राहिले ही कबुलीही त्यात आहे. सगळ्या बाजूंचा हिशेब मांडून शेवटी कौल द्यावा, तशी त्याची रचना आहे. पण न्यायालयात निकालपत्र पूर्ण वाचलं जातं, राजकारणात त्यातलं एक वाक्य उचललं जातं. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत तेवढं एकच वाक्य होतं. उन्हाळाभर लढलेल्या सिनेटरांना ते तोंडात मारल्यासारखं लागलं. पुढच्या वर्षी टॉनी यांना स्वतःच्याच पक्षाची उमेदवारी मिळाली नाही.

सभापती जोसेफ कॅनन यांच्या बाबतीतही असंच झालं. कॅनन म्हणजे प्रतिनिधीगृहाचे अनभिषिक्त राजे. कुणाला कोणत्या समितीत घ्यायचं, कोणतं विधेयक चर्चेला आणायचं, सगळं त्यांच्या मुठीत. टाफ्ट यांना हा माणूस मनातून आवडत नव्हता आणि कॅनन यांच्याविरुद्ध उठलेले पक्षातले बंडखोर त्यांच्याकडे मदत मागायला आले तेव्हा सुरुवातीला त्यांची सहानुभूतीही होती. पण जकातीचं विधेयक कॅनन यांच्याशिवाय निघणार नाही असं लक्षात आल्यावर त्यांनी बंडखोरांचा हात सोडला. मार्च 1910 मध्ये नेब्रास्काच्या जॉर्ज नॉरिस यांनी डेमोक्रॅटांना सोबत घेऊन, कोणतं विधेयक कधी चर्चेला येईल हे ठरवणाऱ्या नियम समितीतून कॅनन यांची हकालपट्टी केलीच, 191 विरुद्ध 156 मतांनी. अध्यक्षांना त्याचं ना श्रेय मिळालं ना समाधान.

त्यानंतर टाफ्ट यांनी जे केलं ते मात्र मी त्यांच्या पदरात दोष म्हणूनच घालतो. बंडखोर सदस्यांच्या शिफारशीवरून होणाऱ्या सरकारी नेमणुका त्यांनी रोखल्या. टपाल कार्यालयातल्या जागा, जकात नाक्यावरच्या जागा, म्हणजे स्थानिक पुढाऱ्याचं सारं वजन ज्यावर उभं असतं त्याच गोष्टी. सप्टेंबर 1910 मध्ये त्यांचे सचिव चार्ल्स नॉर्टन यांनी एका पत्रात हे चक्क मान्य केलं आणि यापुढे सर्वांना सारखी वागणूक मिळेल असं कळवलं. समेटासाठी लिहिलेलं ते पत्र जाहीर झालं आणि शिक्षा दिली जात होती याचा लेखी पुरावाच विरोधकांच्या हाती लागला.

दरम्यान बॅलिंजर आणि पिंशो यांचं भांडण पेटलं होतं. लुई ग्लॅव्हिस नावाच्या अधिकाऱ्याचा आरोप होता की अलास्कातल्या कोळशाच्या जमिनींवरचे संशयास्पद दावे गृहखात्याचे मंत्री रिचर्ड बॅलिंजर पुढे रेटत आहेत. (अमेरिकेत हे खातं पोलिसांचं नाही, सरकारी जमिनी आणि खाणींचं असतं.) टाफ्ट यांनी कागद पाहिले, बॅलिंजर यांना निर्दोष ठरवलं आणि ग्लॅव्हिस यांना बडतर्फ केलं. वनखात्याचे प्रमुख गिफर्ड पिंशो, रूझवेल्ट यांचे जिवलग, उघडपणे ग्लॅव्हिस यांच्या बाजूने उभे राहिले. जानेवारी 1910 मध्ये त्यांनाही काढण्यात आलं. शिस्तीच्या दृष्टीने टाफ्ट यांना दुसरा मार्गच नव्हता. पण पुढे संसदीय चौकशीत वकील लुई ब्रँडाइस यांनी उघडकीला आणलं की बॅलिंजर यांना निर्दोष ठरवण्यासाठी आधारभूत म्हणून दाखवलेला महान्यायवादींचा अहवाल प्रत्यक्षात निकालानंतर तयार करून त्यावर आधीची तारीख घातलेली होती. कागदावर विसंबणाऱ्या माणसाला कागदानेच दगा दिला. पिंशो थेट इटलीला जाऊन आफ्रिकेतून परतणाऱ्या रूझवेल्ट यांना भेटले आणि तिथे काय बोलणं झालं असेल याचा अंदाज कुणालाही करता येईल.

टाफ्ट यांनी केलेली कामं मात्र विसरली जातात याचं मला वाईट वाटतं. मक्तेदार कंपन्यांवर खटले भरण्यात त्यांचं चार वर्षांचं सरकार रूझवेल्ट यांच्या साडेसात वर्षांच्या बरंच पुढे होतं. कंपन्यांच्या नफ्यावरचा कर, टपाल बचत बँक, रेल्वेच्या दरांवर कडक नियंत्रण ठेवणारा 1910 चा कायदा, आणि प्राप्तिकराची वाट मोकळी करणारी घटनादुरुस्ती, जी त्यांच्याच सूचनेवरून 1909 मध्ये राज्यांकडे मंजुरीसाठी गेली. रूढीवादी म्हणून हिणवल्या गेलेल्या अध्यक्षाची ही यादी आहे. यातलं काहीही त्यांनी लोकांपुढे जाऊन आपलं म्हणून मांडलं नाही.

रूझवेल्ट यांच्याकडेही वळायला हवं, कारण ताटातूट एका हाताने होत नाही. जून 1910 मध्ये ते परतले आणि ऑगस्टमध्ये कॅन्ससमधल्या ओसावाटोमी गावी त्यांनी 'नवा राष्ट्रवाद' मांडला, म्हणजे बड्या कंपन्यांना लोकहितासाठी लगाम घालणारं बळकट केंद्र सरकार. नोव्हेंबरमध्ये पक्षाने प्रतिनिधीगृह गमावलं. ऑक्टोबर 1911 मध्ये टाफ्ट सरकारने यू. एस. स्टीलवर खटला भरला. त्या फिर्यादीत 1907 मध्ये रूझवेल्ट यांनी संमती दिलेल्या एका खरेदीचा उल्लेख होता आणि त्यातून रूझवेल्ट यांना भांडवलदारांनी गुंडाळलं असा अर्थ निघत होता. माझ्या वाचनानुसार मैत्रीला शेवटचा तडा गेला तो इथे. फेब्रुवारी 1912 मध्ये रूझवेल्ट यांनी ओहायोतल्या कोलंबस इथे सांगितलं की राज्यांच्या न्यायालयांनी घटनेच्या प्रश्नावर दिलेले निकाल लोकांना मतदानाने फिरवता यावेत. टाफ्ट यांच्यासाठी हे देवघरात चपला घालून शिरण्यासारखं होतं. तोवर चालढकल करणारा हा माणूस त्या दिवसापासून हट्टाला पेटला.

एप्रिलमध्ये बॉस्टनला त्यांनी रूझवेल्ट यांच्यावर प्रथमच नाव घेऊन कठोर टीका केली. सभेनंतर आगगाडीच्या डब्यात एका पत्रकाराला ते हातांत डोकं धरून बसलेले दिसले. 'रूझवेल्ट माझा सर्वात जवळचा मित्र होता,' एवढंच म्हणाले आणि रडू लागले. या घटनेच्या दहाच दिवस आधी त्यांचे लष्करी सहायक आर्चिबाल्ड बट टायटॅनिकवर बुडाले होते. बट यांनी दोन्ही अध्यक्षांची सेवा केली होती आणि दोघांवर त्यांचा जीव होता.

पक्षाचा उमेदवार कोण असावा यासाठी मतदार थेट मत देतात त्या प्राथमिक निवडणुकांत लोकांचा कल स्पष्ट होता. रूझवेल्ट यांना 11 लाखांहून जास्त मतं, टाफ्ट यांना साधारण 7 लाख 60 हजार. खुद्द टाफ्ट यांचं ओहायोही रूझवेल्ट यांनी जिंकलं. पण बहुतेक राज्यांत अशा निवडणुका होतच नव्हत्या. दक्षिणेत तर रिपब्लिकन मतदार नावापुरते आणि पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे तिथले प्रतिनिधी म्हणजे बव्हंशी सरकारी नेमणुकांवर जगणारे लोक. ज्याच्या हाती सरकार, त्याच्या खिशात ते प्रतिनिधी. चार वर्षांपूर्वी याच यंत्रणेने टाफ्ट यांना निवडलं होतं आणि तेव्हा ती रूझवेल्ट यांच्या हातात होती, हेही लक्षात ठेवायला हवं.

जूनमध्ये शिकागोच्या अधिवेशनात प्रतिनिधींच्या 254 जागांवर वाद होता. राष्ट्रीय समितीने 235 टाफ्ट यांना आणि 19 रूझवेल्ट यांना दिल्या. रूझवेल्ट यांचे बरेचसे दावे नुसता गाजावाजा करण्यासाठी होते, पण काही डझन जागांवर त्यांचा हक्क होता असं बहुतेक अभ्यासक मानतात. तेवढ्याने ते जिंकले नसते, टाफ्ट यांचा पहिल्याच फेरीतला विजय मात्र अडला असता. व्यासपीठाच्या कठड्यावर लावलेल्या रंगीत कापडामागे काटेरी तार गुंडाळली होती. अध्यक्षस्थानी रूझवेल्ट यांचेच जुने परराष्ट्रमंत्री एलिहू रूट. रूझवेल्ट यांचे समर्थक सँडपेपर घासून आणि शिट्ट्या वाजवून रोड-रोलरचा आवाज काढत होते, म्हणजे आपल्याला चिरडलं जातंय असं सुचवत होते. टाफ्ट 561 मतांनी निवडले गेले आणि रूझवेल्ट यांच्या तीनशेहून जास्त प्रतिनिधींनी मतदानच केलं नाही. ऑगस्टमध्ये रूझवेल्ट यांचा वेगळा प्रोग्रेसिव्ह पक्ष जन्माला आला.

आता तुमचा दुसरा प्रश्न. नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅट उमेदवार वुड्रो विल्सन यांना 41.8 टक्के, रूझवेल्ट यांना 27.4, टाफ्ट यांना 23.2 टक्के मतं पडली. निर्वाचक मतं 435, 88 आणि 8. टाफ्ट यांच्याकडे फक्त यूटा आणि व्हरमाँट ही दोन राज्यं राहिली. विल्सन यांची एकूण मतं 1908 मध्ये हरलेल्या ब्रायन यांच्यापेक्षाही कमी होती. तेव्हा एकटे रूझवेल्ट उमेदवार असते तर बहुधा जिंकले असते असं मला वाटतं, जरी सगळे टाफ्टवाले त्यांच्यामागे गेले नसते. टाफ्ट एकटे असते तर हरले असते, कारण रूझवेल्ट यांचे कितीतरी मतदार विल्सन यांच्याकडे वळले असते.

पण टाफ्ट त्या वर्षी निवडणूक जिंकायला उभेच नव्हते. न्यायालयांवर मतपेटीची टांगती तलवार ठेवू पाहणाऱ्या माणसाच्या हाती पक्ष जाऊ द्यायचा नाही, एवढाच त्यांचा उद्देश होता आणि शिकागोत तो साध्य झाला. सुधारणावादी बाहेर पडले, संघटना रूढीवाद्यांकडे राहिली. त्या अधिवेशनात गोंगाटात उभं राहून टाफ्ट यांचं नाव सुचवणारे ओहायोचे वॉरेन हार्डिंग 1920 मध्ये अध्यक्षपदी निवडून आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी टाफ्ट यांना सरन्यायाधीश केलं. आयुष्यभर हवं असलेलं पद त्यांना मिळालं ते असं.