वाचलेलं पेपरात का आठवत नाही?

प्रश्न: ताई, मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे, रोज मोहोळहून एसटीने सोलापूरला येतो. घरी पोचेपर्यंत सात वाजतात, मग नऊ ते साडेबारा अभ्यास. केमिस्ट्रीच्या नोट्स तीन-तीनदा वाचल्या, अर्धी पानं हायलायटरने पिवळी केली, तरी पेपर हातात आला की डोकं ब्लँक. लय टेन्शन आलंय, काय चुकालंय माझं?

उत्तर: अरे बाळा, मेहनत कमी पडत नाहीये तुझी, ते आधी मनातून काढ. तू नुसतं वाचतोयस, आणि तिसऱ्यांदा वाचताना पान ओळखीचं वाटतं म्हणून आपल्याला वाटतं की येतंय, पण पेपरात पान समोर नसतं ना! अमेरिकेत २००६ मध्ये रॉडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्याच मुलांवर हे करून बघितलं, काहींना उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला, काहींना एकदा वाचून आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे, पण आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना जास्त येत होतं.

म्हणून एक टॉपिक वाचला की वही बंद कर आणि कोऱ्या कागदावर लिही. समजा तुझ्या केमिस्ट्रीतली एसएन वन रिॲक्शन, ती दोन पायऱ्यांत होते, वेग फक्त सबस्ट्रेटवर, म्हणजे ज्या रेणूवर रिॲक्शन होते त्याच्यावर ठरतो, बरं मग एसएन टू चं काय? इथं पेन थांबलं ना, तेवढंच वही उघडून बघ, परत बंद कर, लिही. पहिले चार दिवस कागद निम्मा कोराच राहील, चिडचिड होईल, तरी सोडू नकोस, कारण काय येत नाही ते पेपरात कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. तोच टॉपिक दोन दिवसांनी आणि मग आठवड्याने पुन्हा असाच लिहून बघ.

एसटीत वाचू नकोस, डोकं दुखतं. खिडकीला बसून त्या दिवशी कुठल्या तासाला काय शिकवलं ते मनातल्या मनात सांगत जा, मोहोळ येईपर्यंत निम्मी उजळणी होते. मोबाईल रात्री दुसऱ्या खोलीत. आणि साडेबारापर्यंत जागायचं आता बंद, अकराला झोप, वाचलेलं डोक्यात बसायला झोप लागतेच.

आज एसएन टू पासूनच सुरुवात कर, आणि महिन्याने मला परत लिही, मी वाट बघते.