पैसे भांड्यावर नको, आधी गारव्यावर घाला

तुमची तक्रार थोडक्यात अशी: डॅलसला ऑगस्टच्या उकाड्यात गॅरेजमध्ये घरच्या घरी २० लिटर पेल एल बिअर लावली. पिशवीतला मॅश (गरम पाण्यात भिजवलेला माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य) तासाभरात ६७ अंश सेल्सियसवरून ६२ वर उतरला. उकळल्यावर वर्ट (माल्टमधून निघालेलं गोड पाणी) ३० च्या खाली जाईना, म्हणून कंटाळून त्यातच यूएस-०५ यीस्ट टाकलं. आता बिअरला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतोय, तर बिअर बनवायचं हजार डॉलरचं इलेक्ट्रिक मशीन घ्यावं का?

घेऊ नका, निदान आत्ता तरी. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असं होईल. ते मशीन मॅशचं तापमान छान सांभाळेल, पण तुमची बिअर मॅशमध्ये बिघडलेलीच नाही. स्टार्चची साखर बहुतेक पहिल्या अर्ध्या तासातच होऊन जाते. पुढे मॅश ६२ पर्यंत घसरला तर फार तर बिअर थोडी कोरडी लागेल. त्यावर उपाय म्हणजे आच पूर्ण बंद करायची, झाकण लावायचं आणि भांड्याभोवती जुनी गोधडी गुंडाळायची. पाणी किती तापवायचं हे माल्टच्या तापमानावर ठरतं. ५ किलो माल्ट आणि २५ लिटर पाणी धरलं, तर उन्हाळ्यात गॅरेजमधला माल्ट ३० अंशांचा असतो, तेव्हा पाणी ७० ला पुरतं. जानेवारीत तोच माल्ट १० अंशांवर असला तर ७२ लागतं. आणि थर्मामीटर घालण्याआधी तळापासून ढवळा. तळाशी एक आकडा आणि वर दुसरा, हे नेहमीचंच आहे. थर्मामीटर खरा आहे का, ते बर्फाच्या चुऱ्यात पाणी घालून बघा. शून्य दाखवलं पाहिजे.

आता खरं दुखणं. तांब्याच्या चिलरमधून (वर्टमध्ये बुडवायच्या वेटोळ्यांच्या नळीतून) नळाचं पाणी सोडलंत, पण टेक्सासमध्ये ऑगस्टला नळाचंच पाणी २८-२९ अंशांचं येतं. त्या पाण्याने वर्ट १८ ला कसा येणार? तासभर नळ सोडून ठेवलात तरी फक्त पाण्याचं बिल वाढेल. नळाचं पाणी वर्ट ४० ला येईपर्यंतच वापरा. मग नळी काढा, बादलीत बर्फ-पाणी घ्या, त्यात तळ्याच्या कारंज्याचा छोटा पंप बुडवा आणि तेच पाणी चिलरमधून फिरवत राहा. चिलर वर्टमध्ये हळूहळू हलवत राहिलात तर वेळ बराच वाचतो. तो नुसता ठेवला की वेटोळ्यांलगतचा वर्ट गार होतो आणि बाकीचा तसाच राहतो.

बर्फ संपला तर? घाई करू नका. निर्जंतुक केलेल्या फर्मेंटरमध्ये (बिअर आंबवायच्या भांड्यात) वर्ट ओता, झाकण घट्ट लावा, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि यीस्ट सकाळी टाका. भांडी स्वच्छ असतील तर काही बिघडत नाही. ऑस्ट्रेलियात पुष्कळ लोक चिलर न वापरता गरम वर्ट थेट प्लास्टिकच्या मोठ्या कॅनमध्ये भरतात आणि दुसऱ्या दिवशी यीस्ट घालतात.

३० अंशांत यीस्ट टाकण्यात मेख अशी, की आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं. आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा तीन-चार अंश सहज चढतं. यूएस-०५ ला २६ पर्यंत चालतं असं पाकिटावरच असतं, आणि तुमचं ३३ च्या आसपास पोचलं असणार. नेलपॉलिशचा वास आणि घशाला लागणारी झणझणीत दारू तिथून आली. मुरत ठेवून ती फारशी जाणार नाही, त्या बॅचची आशा सोडा.

म्हणून खर्च करायचाच तर जुना फ्रिज आणि तापमान-कंट्रोलर घ्या. दोन्ही मिळून मशीनच्या पाव किमतीतही येत नाहीत. कंट्रोलरचा तापमान मोजणारा प्रोब फ्रिजच्या हवेत लोंबकळत ठेवू नका. फर्मेंटरच्या अंगाला टेपने चिकटवा आणि वर फोमचा तुकडा लावा. हवेत ठेवलात तर कॉम्प्रेसर उगाच चालू-बंद होत राहतो आणि बिअर आत तापतच असते. पहिले तीन दिवस १८ वर धरा, मग २०-२१ पर्यंत चढू द्या. जागा नसेल तर टबात पाणी, त्यात गोठवलेल्या बाटल्या, फर्मेंटरवर ओला टी-शर्ट आणि पंखा. आपल्या माठाचंच तत्त्व. मात्र ह्यूस्टनसारख्या दमट हवेत टी-शर्टचा उपयोग कमी.

एक किरकोळ गोष्ट. हायड्रोमीटर, म्हणजे वर्टमधली साखर मोजायची काचेची नळी, बहुधा २० अंशांना बरोबर असतो. ४० अंशांच्या वर्टमध्ये बुडवलात तर सहा पॉइंट (म्हणजे ०.००६) कमी दाखवेल, आणि साखर कमी निघाली म्हणून तुम्ही विनाकारण मॅशला दोष द्याल.

पुण्यातल्या भावालाही शिकवायचं म्हणताय, तर सांभाळून. टेक्सासमध्ये घरी पिण्यापुरती बिअर बनवायला कायद्याची हरकत नाही, पण महाराष्ट्रात परवान्याशिवाय बनवणं गुन्हा आहे.

आणि सप्टेंबरच्या आत पुन्हा लावायची खुमखुमी असेल, फ्रिज मिळाला नसेल, तर नॉर्वेतलं व्हॉस क्वाइक यीस्ट मागवा. त्याला ३५ अंश मानवतात. संत्र्यासारखा हलका वास येतो, पेल एलला तो शोभतो. तेवढी एक बॅच गॅरेजमध्येच होऊन जाईल.