बॅकअप क्वार्टरबॅक व्हायचंय म्हणणाऱ्या मुलाच्या आईला

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. फ्रिस्कोत राहता, मुलगा अकरावीत आहे, शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात क्वार्टरबॅक, म्हणजे सहकाऱ्यांना चाल सांगून चेंडू फेकणारा, म्हणून खेळतो. ‘खेळून कुणाचं पोट भरतं?’ असं त्याचे बाबा म्हणतात आणि महिनाभर बापलेकात बोलणं बंद आहे. मुलगा म्हणतो, मला स्टार व्हायचंच नाही. एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये बॅकअप, म्हणजे राखीव खेळाडू, म्हणून दहा वर्षं या संघातून त्या संघात फिरलो तरी जन्माची सोय होईल. त्याला आत्ताच थांबवावं का, असं तुम्ही विचारलंय.

थांबवू नका. पण त्याच्या हिशेबात एक चूक आहे, ती आधी सांगते. स्टार होणं अवघड आणि बॅकअप होणं त्यामानाने सोपं, असं त्याने धरून ठेवलंय. अशा फिरत्या खेळाडूला तिकडे ‘जर्नीमन’ म्हणतात. ती वाट सोपी नाही, आणि कुणी ती आधीपासून ठरवून धरतही नाही.

जॉश जॉन्सनचं उदाहरण घ्या. 2008 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, पाचव्या फेरीत टॅम्पा बे संघाने त्याला घेतलं. पुढे तो 14 वेगवेगळ्या एनएफएल संघांत राहिला. इतके संघ दुसऱ्या कुणाच्याच नावावर नाहीत. मधल्या काळात एनएफएलमध्ये जागा नसली की तो छोट्या लीगमध्येही खेळला. वॉशिंग्टनचे दोन क्वार्टरबॅक पाय मोडून बाहेर पडले, तेव्हा डिसेंबर 2018 मध्ये त्याला बोलावणं आलं. हाताशी वेळ इतका कमी, की नव्या सहकाऱ्यांची नावं पाठ व्हावीत म्हणून तो मॅडन हा व्हिडिओ गेम खेळत बसला. त्याच महिन्यात जॅक्सनव्हिलविरुद्ध पहिल्या मिनिटापासून खेळून त्याने संघाला जिंकून दिलं. त्याचा असा हा पहिला विजय, ड्राफ्टनंतर दहा वर्षांनी आलेला. ती दहा वर्षं त्याने कशी काढली असतील, हे मुलाला डोळ्यांसमोर आणायला सांगा.

आणि हे काम नुसतं बाकावर बसण्याचं नसतं. कोच हेल्मेटमधल्या स्पीकरवर चाल सांगतो. चाल सुरू करण्यासाठी लावलेल्या घड्याळात 15 सेकंद उरले की तो आवाज बंद. आठ-दहा शब्दांचं ते लांबलचक वाक्य क्वार्टरबॅकने उरलेल्या दहा जणांना न अडखळता सांगायचं, समोरचा बचाव वाचायचा आणि गरज पडली तर जागेवर चाल बदलायची. संघ बदलला की त्याच चालीचं नाव बदलतं. म्हणजे दरवर्षी नवी भाषा शिकायची, तीही सरावात फारशी संधी न मिळता.

ऑगस्टच्या अखेरीस प्रत्येक संघ 90 जणांमधून 53 ठेवतो. सरावाच्या दिवसांत सकाळी एक माणूस दाराशी येतो. खेळाडू त्याला ‘टर्क’ म्हणतात. तो एवढंच सांगतो: कोचनी बोलावलंय, प्लेबुक (संघाच्या चालींचं पुस्तक) बरोबर घ्या. प्लेबुक परत मागितलं, की संपलं. खोली रिकामी करायची आणि संध्याकाळच्या विमानाने घरी.

पैशांबद्दल मुलगा खोटं बोलत नाही. 2025 मध्ये नवख्या खेळाडूचा वर्षाचा किमान पगार 8,40,000 डॉलर होता आणि सराव-पथकात, म्हणजे मुख्य संघाबाहेर राहून नुसता सराव करणाऱ्यांत, आठवड्याला किमान 13,000. पण हा पगार हंगामातल्या आठवड्यांप्रमाणे मिळतो. मंगळवारी काढलं, तर पुढच्या आठवड्याचा नाही. शिवाय जागा किती? 32 संघ आणि प्रत्येकाकडे जेमतेम तीन क्वार्टरबॅक. हायस्कुलात हा खेळ खेळणारी मुलं दहा लाखांच्या वर आहेत.

आता त्याच्या बाबांना रायन फिट्झपॅट्रिकबद्दल सांगा. हार्वर्डचा पदवीधर, विषय अर्थशास्त्र. 2005 च्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव 250 वं आलं. तो 17 हंगाम आणि नऊ संघ खेळला, प्लेऑफचा, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीचा, सामना मात्र एकदाही वाट्याला आला नाही. हार्वर्ड खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाही. तिथे तो अभ्यासाच्या बळावरही टिकला. उद्या प्लेबुक परत द्यावं लागलं, तरी त्याच्या हातात पदवी होती. माझ्या मते तुमच्या घरातल्या भांडणाचं उत्तर इथेच आहे. बापलेक दोघेही खेळ की अभ्यास यावर अडून बसलेत. खरं तर कॉलेज असं निवडायला हवं, की पहिल्याच वर्षी गुडघा गेला तरी मुलाला तिथे राहावंसं वाटेल.

तुम्ही दोन कॉलेजांबद्दल लिहिलंय. एक मोठं, जिथे तो शिष्यवृत्तीशिवाय, नुसता संघात शिरकाव मिळतो म्हणून जाईल. दुसरं डिव्हिजन थ्रीचं, म्हणजे कॉलेज-खेळांच्या तिसऱ्या स्तरातलं, इंजिनिअरिंगला चांगलं. माझा कल स्पष्टपणे दुसऱ्याकडे आहे. तिथेही खेळाची शिष्यवृत्ती नसते, पण मैदानावर उतरण्याची शक्यता जास्त, आणि न खेळलेल्या क्वार्टरबॅकला पुढे कुणी विचारत नाही. दोन्हीकडच्या कोचना मुलानेच फोन करावा, तुम्ही नको. दुपारची लॅब आणि सराव एकाच वेळी आले तर काय करता? तुमच्याकडचे किती क्वार्टरबॅक ठरलेल्या वेळेत पदवी घेऊन बाहेर पडले? दुखापत झाली तर उपचारांचा खर्च कोण करतं? हे त्याने विचारावं आणि उत्तरं लिहून घ्यावीत.

डोक्याला लागलं तर लपवायचं नाही, हे मात्र त्याच्याकडून कबूल करून घ्या. यात तडजोड नको. जागा जाईल या भीतीने गरगरणं लपवणारी मुलं मी पाहिली आहेत आणि त्यांच्या आयाही. डोकं दुखतंय, उजेड सहन होत नाही, ऐकलेलं लक्षात राहत नाही, यातलं काहीही जाणवलं की त्याच क्षणी खेळ थांबवायचा आणि डॉक्टरांकडे जायचं.

या रविवारी टेबलावर एक कोरा कागद ठेवा. मुलाने त्याच्या संघाची एक चाल काढून बाबांना समजावून सांगावी: कोण कुठे पळतो, तो स्वतः आधी कुणाकडे बघतो, मग कुणाकडे. बाबांनी नुसतं ऐकायचं. त्या दोन कोचची उत्तरं आली की मला पाठवा, मग पुढचं बोलू.