चकलीच्या ऑर्डरला प्रायव्हसी पॉलिसी कशाला?

प्रश्न : वकीलताई, आम्ही दोघी जावा डोंबिवलीत घरून फराळ करून विकतो. भाच्याने वेबसाइट करून दिली. ऑनलाइन पैसे घ्यायला अर्ज केला, तर पेमेंट गेटवेवाले म्हणतात, आधी साइटवर प्रायव्हसी पॉलिसी, म्हणजे गिऱ्हाइकांच्या माहितीचं काय करता ते सांगणारा मजकूर, टाका. भाचा म्हणतो, मोठ्या कंपनीची उचलतो आणि नाव बदलतो. आमची गिऱ्हाइकं सगळी ओळखीपाळखीची. आमची कंपनीही नाही. एवढं करायची खरंच गरज आहे? सोबत ऑर्डरचा फॉर्म पाठवते आहे. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : गरज आहे, पण भाच्याला आधी थांबवा. उचललेल्या मजकुरात ‘वाद कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात’ असं हमखास निघतं. बेसनाच्या लाडवासाठी तिथे कोण जाणार? शिवाय तुम्ही करतच नाही अशा गोष्टींची त्यात कबुली असते आणि जे करता त्याचा पत्ताच नसतो.

कंपनी नाही म्हणून सुटका नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत ही पॉलिसी साइटवर लावायला सांगितलं आहे आणि त्यात भागीदारी, एकट्याच्या मालकीचा धंदाही येतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणखी कडक आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या मे २०२७ पासून लागू होतील. माहिती नीट न सांभाळल्यास दंड २५० कोटींपर्यंत! ही कमाल मर्यादा आहे, दंड ठरवताना चुकीचं गांभीर्य बघतात. तेव्हा कढई उतरवू नका.

आता तुमचा फॉर्म. नाव, फोन, पत्ता ठीक. जन्मतारीख कशाला? शुभेच्छा पाठवायला असेल, तर ती काढूनच टाका. परदेशी पार्सलसाठी कुरियरवाल्याला लागते म्हणून पाठवणाऱ्याच्या आधारची प्रत तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर मागवता. ती पार्सल गेल्यावरही फोनमध्ये पडून असते ना? मला खरी काळजी त्याचीच वाटते. फोन हरवला, तर नव्या कायद्याने डेटा संरक्षण मंडळाला आणि त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कळवावं लागेल. काम झालं की प्रत पुसा. आणि हो, लेकाला जर्मनीत चकली पाठवणारी आई त्याचा पत्ता, नंबर देते, तोही तुम्हीच सांभाळायचा.

पॉलिसी अशी साधी लिहा : ‘ऑर्डर पोचवण्यासाठी आम्ही नाव, फोन, पत्ता घेतो. तो कुरियरला देतो. पैसे पेमेंट गेटवेमार्फत येतात, कार्डाचा नंबर आमच्याकडे येत नाही. दिवाळीची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर हवी असेल, तर वेगळी खूण करा. माहिती पुसायची असेल तर कळवा.’ जे खरं आहे तेवढंच ठेवा. साइटवर किती जण येतात ते मोजणारं काही भाच्याने जोडलं असेल, तर तेही त्यात येऊ द्या. मराठीत चालतं, इंग्रजी प्रतही सोबत असू द्या.

खाली तक्रारीसाठी एक नाव आणि फोन लागेल. तो तुमचा की जावेचा, ते तेवढं आधी ठरवा.