निळ्या ओएलईडीची कार्यक्षमता वाढली की रंग आकाशी का होतो?

तुम्ही कोल्हापुरात एम.एस्सी. करताय आणि प्रकल्पासाठी वाचताना जाणवलं की जास्त कार्यक्षम निळ्या ओएलईडींचा (पडद्यांमधल्या, सेंद्रिय रेणूंपासून बनलेल्या एलईडींचा) रंग बहुतेकदा आकाशीकडे झुकतो. दोन्ही एकत्र कसं साधायचं, हा तुमचा प्रश्न.

आधी एकक तपासा. कँडेला प्रति अँपिअर, म्हणजे दर अँपिअर प्रवाहामागे डोळ्याला जाणवणारा उजेड, हा आकडा डोळ्याच्या संवेदनेवर ठरतो आणि उजेडात आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट प्रकाशाला सर्वाधिक दाद देतो. त्यामुळे स्पेक्ट्रमची शेपटी हिरव्याकडे सरकली, की एकही फोटॉन न वाढता हा आकडा फुगतो. निळ्यासाठी बाह्य क्वांटम कार्यक्षमता (दर इलेक्ट्रॉनमागे बाहेर पडणारे फोटॉन) बघा आणि शेजारी सीआयई वाय (रंगाचा निर्देशांक, निळा जितका गडद तितका कमी) लिहिलेला नसेल, तर त्या दाव्यावर माझा तरी विश्वास बसत नाही. कँडेला प्रति अँपिअरला सीआयई वायने भागून ब्लू इंडेक्स काढतात, तो जास्त प्रामाणिक.

आता खरी अडचण. विजेतून तयार होणाऱ्या उत्तेजित अवस्थांपैकी २५ टक्के सिंगलेट (लगेच प्रकाश देणाऱ्या), ७५ टक्के ट्रिप्लेट (सहजासहजी प्रकाश न देणाऱ्या). साधा फ्लुरोसंट रेणू ट्रिप्लेट वाया घालवतो. इरिडियमचे रेणू ते वापरतात, पण निळ्याचा ट्रिप्लेट साधारण २.८ इलेक्ट्रॉन व्होल्टचा आणि मायक्रोसेकंदभर रेंगाळणारा. तेवढ्यात त्याला दुसरा ट्रिप्लेट किंवा विद्युतभार भेटला, तर एकवटलेली ऊर्जा रेणूतले बंध तोडते. निळ्याचं आयुष्य कमी पडतं ते मुख्यतः यामुळे.

रंगासाठी मला बोरॉन-नायट्रोजनचे रेणू सर्वांत आशादायक वाटतात. जपानी रसायनशास्त्रज्ञ हाताकेयामांच्या गटाने २०१६ मध्ये डाबना नावाचा असा रेणू मांडला. उत्तेजित झाल्यावर या ताठ रेणूचा आकार फारसा बदलत नाही, म्हणून स्पेक्ट्रम अरुंद राहतो. २०१९ च्या न्यू-डाबनाचं शिखर ४६९ नॅनोमीटरवर, रुंदी फक्त १८ नॅनोमीटर, कमाल बाह्य क्वांटम कार्यक्षमता ३४.४ टक्के. तरीही सीआयई वाय ०.११ च्या आसपास, बीटी.२०२० या पडद्यांच्या रंगमानकाला ०.०४६ हवा! त्यात हे रेणू ट्रिप्लेटला पुन्हा सिंगलेट करून वापरतात, पण त्याला वेळ लागतो, म्हणून ते काम सेन्सिटायझर या वेगळ्या मदतनीस रेणूला देऊन ऊर्जा फॉर्स्टर मार्गाने (प्रकाश न सोडता, थेट रेणूकडून रेणूकडे) अरुंद उत्सर्जकाकडे पाठवतात.

तुमच्या प्रकल्पाला ओएलईडी बनवायचा निर्वात कक्ष नसला तरी चालेल. हे चपटे रेणू एकमेकांना चिकटले की रंग लालीकडे सरकतो आणि पट्टा रुंदावतो. पॉलिस्टायरीनच्या पातळ थरात या रेणूंची मात्रा १ टक्क्यापासून वाढवत हेच मोजा. ट्रिप्लेटची पातळी ७७ केल्विनला स्फुरदीप्ती (ट्रिप्लेटमधून निघणारा प्रकाश) मोजून मिळेल. त्यासाठी लागणारा द्रव नायट्रोजन आपल्या दुधाच्या जिल्ह्यात दुर्मिळ नाही, गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी तो लागतोच. विभागात नसेल तर कृत्रिम रेतन केंद्रात चौकशी करा. फक्त बंद खोलीत ओतू नका आणि भांड्याचं तोंड घट्ट बंद करू नका.