चार वर्षे वापरलेला फोन : बॅटरी बदलावी की फोनच बदलावा?

माझे उत्तर कशाला धरून आहे हे स्पष्ट राहावे म्हणून आपल्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो. फोन अँड्रॉइडचा आहे आणि तो घेऊन चार वर्षे झाली आहेत. दुरुस्ती केंद्रातल्या तपासणीत बॅटरीची क्षमता ७७ टक्के आली. सकाळी पूर्ण चार्ज केलेला फोन दुपारी तीनच्या सुमारास मान टाकतो आणि कधी कधी २५ टक्के दिसत असतानाच बंद पडतो. ॲप उघडायलाही वेळ लागतो. शेवटी, जाता जाता लिहावे तसे, आपण लिहिले आहे की मागचे झाकण एका कोपऱ्यात किंचित उचललेले वाटते. एवढ्यावरून बॅटरी बदलावी की नवा फोन घ्यावा, असे आपण विचारले आहे.

त्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करणे मला भाग आहे, कारण बाकी सर्व गोष्टी आठवडाभर थांबू शकतात, ही थांबू शकत नाही. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली, वारंवार तापली किंवा तिच्यात बिघाड झाला की आतल्या द्रावणाचे विघटन होऊन वायू तयार होतो. बॅटरीचे पाकीट बंद असल्यामुळे तो वायू बाहेर न जाता पाकीट फुगवतो आणि ते फुगलेले पाकीट झाकणाला किंवा स्क्रीनला आतून रेटू लागते. झाकणाचा गोंद नुसता सुटला असण्याचीही शक्यता आहे. पण ते ठरवण्यासाठी झाकण दाबून बसवू नये आणि नखाने उचकटून पाहू नये. फोन बंद करावा, चार्जिंगला लावू नये आणि जाणत्या दुरुस्तीकाराकडून उघडून घ्यावा. फुगलेली बॅटरी टोचली किंवा वाकली तर ती पेट घेऊ शकते. ती घरच्या कचऱ्यातही टाकायची नसते. ई-कचरा स्वीकारणाऱ्या ठिकाणीच द्यावी लागते. बॅटरी खरोखरच फुगली असेल तर आपला अर्धा निर्णय तिथेच झाला असे समजा, कारण पुढे तो फोन आपण वापरा किंवा कुणाला द्या, ती बॅटरी बाहेर काढावीच लागेल. नवा फोन घेऊन जुना आहे तसा कपाटात ठेवणे हा पर्याय मग उरत नाही.

आता मूळ प्रश्न. माझ्या अनुभवात या प्रश्नाचे उत्तर चुकते ते एकाच कारणाने : सगळ्या तक्रारींची मोळी बांधून ती 'फोन जुना झाला' या एका वाक्यावर टाकली जाते. आपल्या तक्रारी मात्र तीन वेगळ्या जातींच्या आहेत आणि त्यांतली कोणती बॅटरीची, हे आधी सुटे करून पाहिले पाहिजे.

दुपारीच चार्ज संपणे ही क्षमतेची तक्रार आहे. बॅटरीतले वापरण्याजोगे लिथियम दर चार्जिंगबरोबर थोडे थोडे ग्राफाइटच्या (बॅटरीच्या ऋण टोकाच्या) पृष्ठभागावरील थरात अडकत जाते आणि पुन्हा उपयोगी पडत नाही. ही झीज अटळ आहे आणि उत्पादक ती गृहीत धरूनच चालतात. ॲपलचे उदाहरण घ्या : आयफोन १४ पर्यंतच्या फोनच्या बॅटऱ्या योग्य परिस्थितीत ५०० सायकलींनंतर ८० टक्के क्षमता राखतील अशा बनवल्या आहेत आणि आयफोन १५ पासून तो आकडा १००० सायकलींचा आहे. सायकल म्हणजे फोन चार्जरला लावण्याची एक वेळ नव्हे. एकूण १०० टक्के चार्ज खर्च झाला की एक सायकल पुरी होते, मग तो खर्च एका दिवसात झालेला असो वा दोन दिवसांत. आपण रोज सरासरी ८० टक्के खर्च करत असाल तर चार वर्षांत सुमारे ११७० सायकली झाल्या. त्या मानाने ७७ टक्के हा आकडा वाईट म्हणताच येणार नाही. बॅटरीने आपले काम चोख केले आहे आणि आता ती निवृत्तीला आली आहे.

२५ टक्के दिसत असताना फोन बंद पडणे ही मात्र क्षमतेहून निराळी गोष्ट आहे. बॅटरी जुनी होते तसा तिचा अंतर्गत रोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला आतूनच होणारा अडथळा, वाढतो. कॅमेरा उघडला, प्रोसेसरवर भार आला किंवा दुबळा सिग्नल पकडण्यासाठी फोनच्या रेडिओने (नेटवर्कशी जोडणाऱ्या भागाने) जोर लावला, की क्षणभर जास्त प्रवाह लागतो. त्या क्षणी वाढलेल्या रोधामुळे बॅटरीचे व्होल्टेज एकदम खाली येते आणि आतल्या भागांना पुरेल इतके व्होल्टेज न उरल्याने फोन बंद होतो. चार्ज शिल्लक असतो, पण हवा तेव्हा हवा तितका देता येत नाही. थंडीत हा प्रकार वाढतो, कारण कमी तापमानात रोध आणखी चढतो. टक्केवारी दाखवणारे गणितही जुन्या बॅटरीबाबत चुकू लागते, त्यामुळे तो '२५' हा आकडा खरा असेलच असे नाही. ही तक्रार जवळजवळ नेहमी बॅटरीचीच असते आणि नव्या बॅटरीने जाते.

तिसरी तक्रार मंदपणाची. येथे घाईने निष्कर्ष काढू नये, कारण मंदपणा बॅटरीमुळे असू शकतो आणि नसूही शकतो. जानेवारी २०१७ मध्ये ॲपलने आयओएस (आयफोनची कार्यप्रणाली) १०.२.१ या अपडेटमध्ये जुन्या बॅटरीच्या काही आयफोनचा वेग गरजेच्या वेळी कमी करण्याची सोय केली होती. फोन असे अचानक बंद पडू नयेत हाच तिचा हेतू होता. ग्राहकांना ते नीट सांगितले गेले नव्हते. डिसेंबर २०१७ मध्ये गोष्ट उघड झाल्यावर मोठा गदारोळ झाला, कंपनीने माफी मागितली आणि संपूर्ण २०१८ साल बॅटरी बदलून देण्याचा दर बराच उतरवला. पुढचा भाग मला अधिक बोलका वाटतो. जानेवारी २०१९ मध्ये ॲपलचे मुख्याधिकारी टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना लिहिलेल्या पत्रात नवे आयफोन अपेक्षेपेक्षा कमी विकले गेल्याची जी कारणे दिली, त्यांत स्वस्तात बदलून मिळालेल्या बॅटऱ्या हेही एक होते. म्हणजे बऱ्याच लोकांना नवा फोन हवासा वाटत होता तो जुन्या बॅटरीमुळे, हे विक्रेत्यानेच कबूल केल्यासारखे झाले.

आपल्या फोनचा मंदपणा कोणत्या जातीचा आहे हे पाहण्याची सोपी चाचणी आहे. मात्र बॅटरी फुगलेली नाही याची खात्री झाल्यावरच ती करावी. फोन ८० टक्क्यांच्या वर चार्ज असताना, चार्जरला जोडलेला असताना आणि तापलेला नसताना तीच ॲप उघडून पाहा. तरीही तो तितकाच रेंगाळत असेल तर दोष बहुधा बॅटरीचा नाही. मग स्टोरेज पाहा. ते काठोकाठ भरले असेल तर फोन मंदावतोच, आणि जुने व्हिडिओ दुसरीकडे हलवून पाचदहा टक्के जागा मोकळी केली की पुष्कळदा फरक दिसतो. त्यानेही काही झाले नाही तर रॅम आणि प्रोसेसर आजच्या ॲपना अपुरे पडत आहेत असे समजावे, आणि त्या दुखण्यावर नव्या बॅटरीचा काहीही उपाय चालणार नाही.

(जाता जाता : पुष्कळांचा 'चार्जच होत नाही' हा त्रास चार्जिंगच्या खाचेत साचलेल्या कापडाच्या तंतूंमुळे असतो. फोन बंद करून लाकडी काडीने ती खाच हलक्या हाताने साफ करणे हा सर्वांत स्वस्त उपाय मी आधी करतो.)

एवढे झाल्यावर माझ्या मते निर्णय ज्या एका गोष्टीवर फिरतो ती बॅटरी नाहीच. ती आहे सिक्युरिटी अपडेटची शेवटची तारीख. बॅटरी बदलता येते, पण उत्पादकाने अपडेट देणे थांबवले की सामान्य वापरणाऱ्याच्या हातात काही उरत नाही, आणि ज्या फोनवर आपण बँकेचे व्यवहार करतो, ओळखपत्रे ठेवतो, त्यावर उघड झालेल्या त्रुटी तशाच राहतात. फोनच्या सेटिंगमध्ये शेवटचा सिक्युरिटी अपडेट कोणत्या महिन्याचा आहे हे दिसते. ती तारीख वर्षभर मागे असेल तर उत्तर जवळपास मिळालेच. ती अलीकडची असेल तर उत्पादकाच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलला अपडेट कधीपर्यंत मिळणार ते पाहावे. ही मुदत आपण फोन घेतला त्या दिवसापासून मोजली जात नाही. ते मॉडेल बाजारात आले तेव्हापासून ती सुरू झालेली असते. दीड वर्ष बाजारात असलेले मॉडेल सवलतीत घेतलेल्या माणसाचे दीड वर्ष खरेदीच्या दिवशीच खर्ची पडलेले असते. गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांच्या अपडेटचे आश्वासन दिले आहे, परंतु त्याआधीच्या बहुतेक अँड्रॉइड फोनना ते लागू नाही.

पैशाचा हिशेब मी दर महिन्याला किती खर्च पडतो असा करतो. समजा नव्या फोनची किंमत १०० भाग आहे आणि चांगली बॅटरी मजुरीसह १० भागांत बसते. नवा फोन चार वर्षे, म्हणजे ४८ महिने, चालला तर महिन्याला साधारण २ भाग पडतात. बदललेल्या बॅटरीवर जुना फोन केवळ पाच महिने चालला तरी तेवढाच दर पडतो आणि दीड वर्ष चालला तर खर्च जवळपास चौथ्या हिश्शावर येतो. आपल्या ठिकाणचे खरे आकडे घालून हे गणित जरूर करावे, कारण स्वस्त फोनमध्ये बॅटरी आणि मजुरी मिळून किमतीचा तिसरा हिस्सा होत असेल तर चित्र बदलते. स्क्रीनला तडा आहे, स्पीकर फाटका वाजतो, खाच सैल झाली आहे, असे आणखी दोन खर्च दारात उभे असतील तर तेही त्याच बेरजेत धरावेत. एका फोनवर मी आधी बॅटरी, तीन महिन्यांनी स्क्रीन आणि मग चार्जिंगची खाच असा तुकड्यातुकड्याने खर्च केला होता. प्रत्येक वेळी तो थोडाच वाटला, एकूण बेरीज मात्र मी कित्येक दिवस केलीच नाही.

पर्यावरणाचा मुद्दा आपण विचारलेला नाही, म्हणून एवढेच सांगतो की फोनच्या आयुष्यभराच्या कर्बउत्सर्जनाचा मोठा भाग त्याच्या निर्मितीतच होऊन गेलेला असतो.

बॅटरी बदलायचे ठरले तर कोणती बॅटरी घेता यावर सगळे अवलंबून आहे. काही वर्षांपूर्वी मी स्वस्त पडते म्हणून एका दुकानातून अशी बॅटरी बसवली होती, जिच्या वेष्टनावर मूळ बॅटरीपेक्षा बरीच जास्त क्षमता छापलेली होती. तेवढ्याच आकाराच्या पाकिटात एवढी जास्त क्षमता आली कुठून, हा साधा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पाचव्या महिन्यात ती फुगली आणि तिने स्क्रीन कडेने वर ढकलली. त्यानंतर उत्पादकाच्या अधिकृत केंद्रातून घातलेल्या बॅटरीवर तोच फोन आणखी अडीच वर्षे चालला. म्हणून मूळ उत्पादकाची बॅटरी मिळत असेल तर तीच घ्यावी. मिळत नसेल तर लेखी हमी देणारा आणि बॅटरीच्या निर्मितीची तारीख दाखवणारा दुरुस्तीकार शोधावा. ही तारीख महत्त्वाची आहे, कारण बॅटरी न वापरताही जुनी होते. तीन वर्षे फळीवर पडून राहिलेली 'नवी' बॅटरी नवी नसते. आयफोनधारकांनी हेही लक्षात ठेवावे की २०१८ च्या एक्सएस आणि एक्सआर या मॉडेलांपासून, बॅटरी अस्सल असल्याची खात्री पटवता न आल्यास फोन तशी सूचना दाखवतो.

दुरुस्तीला देण्यापूर्वी बॅकअप स्वतः घ्यावा आणि तो उघडतो का ते तपासावे. फोन पाण्यापासून सुरक्षित असल्याचा दावा असेल तर उघडताना कडेचा गोंद तुटतो हे जाणून नवा गोंद किंवा पट्टी लावून मागावी आणि तरीही पुढे त्या दाव्यावर फारसे विसंबू नये. घरी उघडण्याचा उत्साह आपल्या बाबतीत मी अजिबात सुचवणार नाही. फुगल्याचा संशय असलेल्या बॅटरीखाली पट्टी सरकवणे हे शिकण्याचे ठिकाण नव्हे.

शेवटी निर्णय नव्या फोनकडे झुकलाच तर एक नवी सोय आहे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून संघाच्या बाजारात नव्याने येणाऱ्या स्मार्टफोनना अट घातली आहे की बॅटरीने किमान ८०० सायकलींनंतर ८० टक्के क्षमता राखावी, आणि सुटे भाग विक्री थांबल्यावरही सात वर्षे मिळत राहावेत. फोनसोबतच्या ऊर्जा-लेबलवर सायकलींचा आकडा छापावा लागतो. आपण कुठेही राहत असलात तरी तेच मॉडेल तिथे विकले जात असेल तर ते लेबल पाहता येते, आणि कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा ते मला अधिक उपयोगी वाटते.

आपल्या वर्णनावरून माझा कल बॅटरी बदलण्याकडे आहे, परंतु दोन अटींवर : सिक्युरिटी अपडेट अजून किमान वर्षभर मिळणार असावेत आणि फोन उघडल्यावर फुगलेल्या बॅटरीने स्क्रीनला किंवा आतल्या तारांच्या पट्ट्यांना इजा केलेली नसावी. पहिली अट आपण फोन बंद ठेवूनही, दुसऱ्या यंत्रावरून उत्पादकाचे पान उघडून आजच तपासू शकता. दुसरी दुरुस्तीकार उघडल्यावर सांगेल. त्याला बॅटरी बसवण्याआधी आपल्याला कळवायला सांगा, म्हणजे तोवर निर्णय आपल्या हातात राहील.