राखून ठेवलेला हक्क

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात सॅल्मन माशांच्या व्यवस्थापनाचे काम तुला मिळाले, हे वाचून फार आनंद झाला. तुझ्या पत्रातील एका वाक्यापाशी मात्र मी अडखळलो: ‘न्यायालयाने आदिवासींना निम्मे मासे दिले.’ तिथल्या बैठकीत हे वाक्य चुकूनही उच्चारू नकोस. अमेरिकी सरकारशी झालेल्या १८५४ च्या मेडिसिन क्रीक करारात निस्क्वाली आणि शेजारच्या जमातींनी जमीन सोडली, पण आपल्या नेहमीच्या ठिकाणी मासे पकडण्याचा हक्क स्वतःकडे राखून ठेवला; न्यायमूर्ती जॉर्ज बोल्ट यांनी १९७४ मध्ये त्या हक्काचा अर्थ लावला, तो दिला नाही. मधल्या काळात तो बजावणाऱ्यांना अटक होत असे. निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक ज्युनियर यांना पहिली अटक १९४५ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी झाली. पुढे हेच गृहस्थ नॉर्थवेस्ट इंडियन फिशरीज कमिशन या जमातींच्या मासेमारी आयोगाचे अनेक वर्षे अध्यक्ष होते.

‘निम्मे’ हा शब्दही जपून वापर. अंडी घालण्यासाठी जितके मासे नदीत वर पोहोचायला हवेत तितके आधी वगळायचे आणि उरलेल्यांची जमाती आणि इतर यांच्यात वाटणी करायची, अशी ती रीत आहे. साहजिकच सारे भांडण आकड्यांवर येते. यंदा समुद्रातून किती मासे नदीत परततील, याचा अंदाज राज्याचे आणि जमातींचे तज्ज्ञ हंगामापूर्वी एकत्र बसून ठरवतात. जमातींचे स्वतःचे जीवशास्त्रज्ञ आहेत, मत्स्यबीज केंद्रे आहेत. त्यांना केवळ माहिती पुरवणारे स्थानिक लोक समजलास, तर तोंडघशी पडशील.

रस्त्याखालची मोरी तुला क्षुल्लक वाटेल. पण अरुंद किंवा उंचावर बसवलेल्या मोरीतून मासा वर चढू शकत नाही, आणि मासाच नसेल तर पकडण्याचा हक्क कागदावरच राहतो, हा जमातींचा युक्तिवाद न्यायालयांनी मान्य केला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मते समसमान पडल्याने मोऱ्या दुरुस्त करण्याचा आधीचा आदेश कायम राहिला.

शेवटी एल्व्हा नदीचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेव. तिथली दोन धरणे २०११ ते २०१४ या काळात पाडली गेली. लोअर एल्व्हा क्लालम जमातीने ही मागणी अनेक वर्षे लावून धरली होती, आणि धरणे पडू लागताच तिने स्वतःची मासेमारीही थांबवली; कोहो जातीचे सॅल्मन पुन्हा पकडायला २०२३ उजाडले. त्या बारा वर्षांतील बैठकांची टिपणे मिळाली, तर कामावर रुजू होण्याआधी ती वाच.

तुझा काका